खरं देऊळ कुठून सुरू होतं?

श्रावणातल्या एका सकाळी भुलेश्वरला गेले होते. यवत सोडून डोंगराकडे वळलं की गाडी धुक्यात शिरते आणि वर पोचेपर्यंत अंगावरचे कपडे दमट होतात. खाली गाड्या लावायच्या जागेत एक कुटुंब थांबलं होतं. वडील आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला वरचे घुमट दाखवत होते. "बघ, बाहेरून मशीद वाटते की नाही? मुद्दाम तसं बांधलंय. शत्रू आला तरी त्याला कळूच नये, आत महादेव आहे म्हणून." मुलीने मान मागे टाकून घुमटांकडे, त्यांच्या बाजूच्या मिनारांसारख्या टोकांकडे नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "मग बाबा, खरं देऊळ कुठून सुरू होतं?" वडील म्हणाले, "आत गेल्यावर कळेल," आणि तिचा हात धरून पायऱ्या चढू लागले. ते फार मायेने सांगत होते, आवाजात अभिमान होता. मीही लहानपणी शाळेच्या सहलीत हीच गोष्ट ऐकली होती आणि तेव्हा ती मला फार आवडली होती. पण त्या मुलीचा प्रश्न दर्शन घेताना, खाली उतरताना, घरी येऊन भाजी निवडताना माझ्या मागे लागून राहिला.

भुलेश्वर बाहेरून खरोखरच काही बोलत नाही. सपाट, जाड भिंत. डोळा अडेल अशी नक्षी नाही. दारातून आत शिरलं की अरुंद, काळोख्या पायऱ्या वर जातात आणि दगड इतके गुळगुळीत झालेत की पावसाळ्यात अनवाणी पायाची बोटं आवळून चढावं लागतं. वटवाघळांचा उग्र वास, ओला बेल, जळलेल्या वातीचं तेल, असं सगळं एकत्र नाकात भरतं. आणि मग वळणावर अचानक यादवकाळ उघडतो. काळाकभिन्न दगड, त्यावर हत्तींच्या रांगा, शरपंजरी पडलेले भीष्म, सुरसुंदरी, भलाथोरला नंदी आणि गणपतीची सोंड असलेली, मांडी घालून बसलेली देवी. बहुतेक मूर्तींना चेहरे मात्र नाहीत. घण घालून उडवलेली नाकं, कोपरापासून तुटलेले हात. कुठे नुसता कंबरेचा मुरका उरलाय, कुठे पायातले तोडे. मी दर वेळी ठरवते की शाबूत तेवढंच बघायचं, आणि दर वेळी हात आपोआप त्या फुटक्या जागेवर जातो. फुटलेला दगड कोरलेल्या दगडापेक्षा खरबरीत लागतो, इतक्या शतकांनंतरसुद्धा.

या देवळाभोवती एकेकाळी किल्ला होता, दौलतमंगळ. १६३०च्या सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने पुणं जाळलं, त्यावर गाढवाचा नांगर फिरवला आणि या डोंगरावर तट उठवला. म्हणजे विजापूरच्या मुसलमान सुलतानाच्या एका हिंदू सरदाराने आपलं पुणं बेचिराख केलं आणि एका महादेवाच्या भोवती तटबंदी घातली. याच मुरार जगदेवाने पुढे भीमा-इंद्रायणीच्या संगमावर हत्तीची तुला करून दानधर्म केला. सतराव्या शतकातल्या माणसांना आपण सरळ दोन रांगांत उभं करायला जातो तेव्हा मुरार जगदेव कुठल्याच रांगेत उभा राहत नाही. भुलेश्वरची वरची विटा-चुन्याची शिखरं आणि घुमट हे त्यानंतरच्या, मराठेशाहीतल्या दुरुस्तीचे आहेत. खाली यादवांचा दगड, वर मराठ्यांचा चुना. तो चुना वेषांतरासाठी होता का, हा माझा प्रश्न.

हीच वेषांतराची गोष्ट रायगडावर जगदीश्वराबद्दल सांगतात. तिथेही घुमटी आहे, तटासारखी भिंत आहे आणि लांबून पाहिलं तर आजच्या डोळ्यांना मशिदीचा भास होतो. पण दारातून आत जाण्याआधी भिंतीतला शिलालेख वाचावा. ठसठशीत देवनागरीतलं संस्कृत, गणपतीला नमन झाल्यावर सुरुवातच 'प्रासादो जगदीश्वरस्य' अशी. हे जगदीश्वराचं मंदिर आहे, शिवछत्रपतींच्या आज्ञेने बांधलंय, असं दगडात कोरून ठेवलंय. पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव आहे, 'सेवेचे ठायी तत्पर'. समोर नंदी आहे. देऊळ लपवायला निघालेला माणूस दारावर देवाचं नाव लिहून ठेवील का? रायगड ही १६७४ साली राज्याभिषेक झालेल्या सार्वभौम राजाची राजधानी होती. तिथे महाराजांना कोणाची भीती बाळगून आपला देव दडवायची गरज वाटली असेल, हे मनाला पटत नाही. उलट ही गोष्ट त्यांना लहान करते, असं मला वाटतं. त्यांच्या कारागिरांनी घुमट बांधला, कारण त्या काळात या मुलखात उत्तम बांधकाम म्हणजे घुमट, कमान आणि पक्का चुना. तो कोणाकडून आला याची जाणीव असलीच, तरी तो परका आहे ही जाणीव तेव्हा उरलेली नव्हती.

आणि पुढच्या शतकात तर शत्रूला फसवायचा प्रश्नच संपला होता. वाईचा ढोल्या गणपती रास्त्यांनी १७६२ साली बांधला. पर्वतीवरचं देवदेवेश्वर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली. तेव्हा अटकेपासून तंजावरपर्यंत कोण कोणाला भीत होतं? तरीही त्या काळातली कृष्णाकाठची, कऱ्हाकाठची, मुठेकाठची देवळं पाहत जा. कमळाच्या पाकळ्यांतून वर आलेले घुमट, कोपऱ्यांवर सडपातळ मनोरे, महिरपी, कोनाडे. पुण्यात सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीचं काम १७५४ साली सुरू झालं. त्याच्या गाभाऱ्याच्या भिंतीवर संस्कृत लेखांच्या शेजारी एक फारसी लेख आहे. पेशवाईच्या भर राजधानीत, गणपतीच्या गाभाऱ्याशी, फारसी अक्षरं! ज्या गोसावी महंताने ते देऊळ उभारलं त्याला ते विसंगत वाटलं नाही, आणि त्या काळच्या पुण्यालाही वाटलं नसावं.

आमच्या गावातही असंच एक देऊळ आहे. कृष्णेच्या काठापासून थोडं वर, महादेवाचं, उत्तर पेशवाईतलं. कोणत्याही पुस्तकात त्याचा उल्लेख नाही आणि कोणी मुद्दाम बघायला यावं असं त्यात काही नाही. काळ्या दगडाचं जोतं, चार बुटके खांब, सभामंडपावर विटांचा घुमट. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी आम्ही मुलं तिथे फरशीवर उताणी पडायचो. बाहेर रस्ता वितळत असायचा आणि आत पाठीला गार दगड. एकजण हळूच 'ॐ' म्हणायचा आणि तो आवाज वर जाऊन, फिरून, जाड होऊन खाली यायचा, जणू कोणी मोठी काशाची परात उपडी घालून तिच्या कडेवरून बोट फिरवलं असावं. काकड्याला पहाटे पाच-सात म्हातारी माणसं असायची, पण घुमटाखाली त्यांचा आवाज पन्नासांचा व्हायचा. माझ्यासाठी भक्ती ही गोष्ट पहिल्यांदा कानातून आली आणि ती त्या घुमटामुळे आली. सपाट छताखाली म्हटलेला अभंग मला आजही अर्धा वाटतो.

आजोबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी देवळाची डागडुजी झाली तेव्हा नदीकाठी चुन्याची घाणी बसवली होती. दगडाचं गोल चर, त्यातून फिरणारं जड चाक, चाकाला जुंपलेला बैल. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, भिजत ठेवायची. मग वाळूबरोबर घाणीत दळायची, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी. चांगला चुना तळहातावर लोण्यासारखा पसरतो आणि त्याला किंचित गोडसर वास येतो, असं ते म्हणत. मुलांना घाणीभोवती फिरकू देत नसत, कारण विरवताना चुना उकळतो आणि शिंतोडा डोळ्यात गेला की डोळा जातो. तरी मुलं जायचीच. हे सांगताना आजोबा स्वतःचा तळहात उघडून बघायचे.

घुमट ही मुळात हिशेबाची गोष्ट आहे, आणि मला ती जशी कळली तशी इथे सांगते, कारण त्यातच मला त्या मुलीच्या प्रश्नाचा एक धागा सापडला. यादवांच्या काळातलं देऊळ, ज्याला आपण हेमाडपंती म्हणतो, ते चुन्याशिवाय उभं राहतं. दगडात खाच, दगडाला त्या खाचेत बसणारा उंचवटा, म्हणजे कुसू, वजनावर वजन. खांबावर तुळई, तुळईवर छत. पण दगडाच्या तुळईला मर्यादा असते. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. फार लांबवली की ती मधोमध तडकते. म्हणून त्या देवळांत खांबांची दाटी असते आणि म्हणूनच आत तो गूढ, गाभाऱ्याकडे ओढत नेणारा अंधार असतो. छतावर जायचं तर ते कारागीर चौकोनाच्या चारही कोपऱ्यांत तिरकी शिळा टाकत. त्याने आत दुसरा, फिरलेला चौकोन तयार होई. त्याच्या कोपऱ्यांत पुन्हा शिळा. असं आवळत आवळत मधोमध एक कमळ कोरलेली शिळा बसवली की झालं वितान, म्हणजे कोरीव छत. कमानीचं शास्त्र निराळं. तिथे प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो, वरचा कळीचा दगड सगळ्यांना जागेवर धरतो आणि भार बाजूच्या भिंतींत उतरतो. खांब काढता येतात. जागा मोकळी होते. हजार माणसं एका रांगेत, एका दिशेला तोंड करून उभी राहायची असतील तर अशीच जागा लागते, आणि शंभर माणसं टाळ घेऊन कीर्तनाला बसायची असतील तरी अशीच लागते.

पण चौकोनी खोलीवर गोल घुमट कसा ठेवायचा? हा प्रश्न देवळं बांधणाऱ्यांना आणि मशिदी बांधणाऱ्यांना, दोघांनाही पडला होता. विजापूरच्या गोल घुमटात उभं राहून वर पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा हे दिसलं आणि मी तिथेच भिंतीला टेकले. सगळे लोक प्रतिध्वनीसाठी ओरडत होते, टाळ्या वाजवत होते. मी कोपऱ्यांकडे बघत होते. बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा तो घुमट कोणत्याही खांबावर उभा नाही. आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात आणि त्या छेदांतून दोन चौकोन दिसतात, एक सरळ, एक त्यावर तिरका फिरवलेला. त्यांच्या मधोमध आठ कोनांची चांदणी आणि चांदणीवर वर्तुळ. फिरवलेला चौकोन! यादवांच्या छतातला तोच विचार, फक्त तिथे शिळा आडवी टाकलेली, इथे कमान उभी केलेली. मुहम्मद आदिलशहा १६५६ साली वारला तेव्हा त्याच्यासाठी हे उभं होतं. ही कल्पना इराणातून आली की दख्खनच्या मातीतल्या पाथरवटाने सुचवली, की दोन्ही एकाच ओट्यावर बसून खडूने आखली गेली, यावर विद्वान बोलतील. मला तिथे एवढं जाणवलं की चौकोनातून वर्तुळाकडे, म्हणजे माणसाच्या खोलीतून आकाशाकडे जायची ओढ दोघांची सारखीच होती आणि वाटही बरीचशी सारखी निघाली.

विजापुरातच, या सगळ्याच्या तीनशे वर्षं आधीची एक मशीद आहे, करीमुद्दीनची. १३२० सालची. तिचे खांब उघडउघड देवळांचे आहेत. आणि तिथल्या लेखात ती रचणाऱ्या कारागिराचं नाव आहे, रेवय्या. हिंदू माणूस. मी त्या खांबांमध्ये फिरले तेव्हा तो नाव-गाव असलेला माणूस डोळ्यांसमोरून हलेना. हे खांब उतरवताना त्याला काय वाटलं असेल? त्याच्या बापजाद्यांनी असे खांब घडवले असतील. कोणता खांब कुठे शोभेल, कोणती बाजू भिंतीकडे फिरवायची, हे ठरवताना त्याचा हात थरथरला असेल का? की रोजगार, हुकूम आणि घरी वाट पाहणारी चूल यांच्यापुढे विचाराला सवड नव्हती? तो कसाही असो, त्याने काम नीट केलं. मशीद उभी आहे.

नगरची दमडी मशीद त्याहून पुढची, सोळाव्या शतकातली. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी एकेक दमडी काढून ती बांधली, असं लोक सांगतात. ती आकाराने लहान आहे, पण तिच्या दगडातली कोरीव कमळं आणि तोड्या, म्हणजे भिंतीतून पुढे आलेले आधाराचे दगड, पाहिले की वाटतं, हा हात आपण कुठेतरी आधी पाहिलाय. अर्थातच पाहिलाय. सुलतान बदलले, पाथरवटांची पोरं तीच. छिन्नी धरायची पद्धत बापाकडून मुलाकडे जाते, ती फर्मानाने बदलत नाही. विजापूरच्या इब्राहीम रौज्यात एकाच चौथऱ्यावर मशीद आणि कबर समोरासमोर आहेत, मध्ये हौद. कबरीच्या खिडक्यांत दगडाच्या जाळीतून अक्षरं कोरलेली आहेत आणि उन्हात ती अक्षरंच प्रकाश आत सोडतात. छज्जाखालचे हस्त, म्हणजे त्याला पेलणारे कोरीव दगड, बघावेत, ते थेट देवळाच्या मंडपातून उठून आल्यासारखे आहेत.

हे वारं उलट्या बाजूनेही वाहिलं, आणि ते मला सर्वांत जास्त हलवून गेलं ते सिंदखेडराजाला.

लखुजीराव जाधवांना १६२९ साली दौलताबादच्या दरबारात निजामशहाने दग्याने मारलं. एकट्यांना नाही, मुलं, नातू, सगळे एकदम. जिजाऊंचं माहेर एका दिवसात उजाड झालं. त्या घराने लखुजीरावांची जी समाधी बांधली ती उंच जोत्यावर, कमानींची, घुमटाची. दख्खनच्या सुलतानांच्या कबरी ज्या घडणीच्या, त्याच घडणीची. आत पिंड. मी त्या ओट्यावर बराच वेळ बसून होते. ज्यांच्या दरबारात बापाचं रक्त सांडलं, त्यांच्याच धाटणीची इमारत बापावर बांधताना त्या घराला काही खटकलं नाही. कसं खटकेल? ती धाटणी निजामशहाची खासगी मालमत्ता नव्हतीच. तीन पिढ्यांत ती या मुलखातल्या मातब्बर घरांची झाली होती. मोठ्या माणसाची स्मृती अशी करायची, ही रीत होती. वेरूळला मालोजीराजांची समाधी पाहा, तीही याच घडणीची वाटते. आणि हे तेच मालोजीराजे, ज्यांनी घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला आणि नगरच्या शाह शरीफ पिराला नवस बोलून झालेल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. राग होता, वैर होतं, लढाया होत्या. पण वैर माणसाशी आणि सत्तेशी होतं. घुमटाशी कोणी वैर धरलेलं नव्हतं.

मात्र एवढं लिहून मी थांबले तर ते अर्धवट ठरेल. भुलेश्वरचे फुटके चेहरे मी पाहिलेत आणि देवगिरीही पाहिलीय.

देवगिरीच्या पायथ्याला, चाँद मिनाराच्या समोर, १३१८ साली दिल्लीचा सुलतान मुबारक खिलजी याने यादवांचं राज्य पुरतं बुडवल्यावर जामी मशीद बांधली. प्रशस्त चौक, त्याच्या टोकाला खांबांचं दालन. खांब देवळांचे. एकासारखा दुसरा नाही, कारण ते वेगवेगळ्या देवळांतून आले. कुठे उंची कमी पडली म्हणून खांबावर खांब ठेवलाय. एखाद्या खांबावर घंटेची साखळी कोरलेली आहे आणि ती साखळी डोळे वर नेते, पण वर घंटा बांधायला जागा नाही. मी तिथे उभी राहिले की माझ्या पोटात गोळा येतो. हे कुणाच्या तरी गावातलं, रोज दिवा लागणारं देऊळ होतं. तिथली गुरवीण होती, तिथे नवस होते. ते उतरवलं गेलं, आणि उतरवणाऱ्याला ते उतरवलं हेच दाखवायचं होतं. याला देवाणघेवाण म्हणणं मला जमत नाही आणि कोणी म्हटलं तर मी ऐकून घेत नाही. देवाणघेवाण पुढे झाली, शंभर-दोनशे वर्षांनी, शेजारी राहता राहता. सुरुवात अशी झाली, हे दगड सांगतात आणि त्यांना सांगू द्यावं.

तरीही ते दालन सुंदर आहे. हे मला मान्य करावंच लागतं. दुपारचं ऊन चौकातून आत सरकतं, खांबांच्या सावल्या एकमेकींवरून चालत जातात. हैदराबाद संस्थान विलीन झालं तेव्हा, १९४८ साली, तिथे भारतमातेची मूर्ती बसवली गेली. आज लोक चपला काढून आत जातात, हळदीकुंकू वाहतात. देवळाचे खांब, मशिदीचा चौक, भारतमातेची मूर्ती, आणि बाहेर पेरूच्या फोडींवर तिखट-मीठ घालून विकणाऱ्या बाया. मी नमस्कार केला. कुणाला केला हे विचाराल तर मूर्तीला केलाच, आणि त्या साखळी कोरलेल्या खांबालाही केला. त्या जागेत सहाशे वर्षं नमाज पढणाऱ्या माणसांनी काही खांब फोडले नव्हते. त्यांनी फक्त तिथे डोकं टेकलं. त्यांची आठवण मनातून काढून टाकावी असं मला वाटलं नाही. हे सगळं मला एकाच वेळी वाटतं आणि यातलं एक दुसऱ्याला खोडत नाही.

गोव्याची गोष्ट साधी आहे, म्हणून तिथे मन हलकं होतं. फोंड्याची साफा मशीद आदिलशाहीतली, १५६० सालची. तिला घुमट नाही. उतरतं कौलारू छप्पर आहे, शेजारच्या कोणत्याही घरासारखं, देवळासारखं. समोर जांभ्याची मोठी तळी, तिच्या पायऱ्यांच्या भिंतीत कमानीचे कोनाडे. पावसाने तिथे कोणाचं ऐकलं नाही. मशिदीलाही कौलं चढवायला लावली. आणि तिथून जवळच कवळ्याची शांतादुर्गा, शाहू महाराजांच्या काळात आजचं रूप घेतलेली, तिच्यावर मात्र घुमट! मशिदीवर कौलं आणि देवळावर घुमट, दोन्ही एकाच तालुक्यात, एकाच लाल मातीवर. ज्याला वास्तू बघून धर्म ओळखता येतो असं वाटतं, त्याने एक दिवस फोंडा तालुक्यात फिरावं.

हे सगळं एवढ्या कळकळीने लिहायचं कारण गावाकडे आहे. आमच्या महादेवाचा जीर्णोद्धार निघालाय. सभामंडप गळतो, घुमटात पिंपळ रुजलाय, काहीतरी करायलाच हवं होतं. वर्गणी जमली, बैठक झाली. भिंतीवर नव्या देवळाचं रंगीत चित्र लावलं होतं: सिमेंटचं उंच शिखर, चकचकीत फरशी, खांबांना सोनेरी रंग. बैठकीत एक तरुण उठून म्हणाला, "घुमट तेवढा जाऊ द्या. मशिदीसारखा दिसतो." दोन-चार माना डोलल्या. तो मुलगा वाईट नाही. पुरात रात्रभर लोकांना बाहेर काढत होता, मी पाहिलंय. त्याला एवढंच माहीत आहे की घुमट म्हणजे त्यांचा. मुद्दाम मशिदीसारखं बांधलं, ही आपणच मुलांना सांगितलेली गोष्ट आता इथवर आलीय. घुमट वेषांतर असेल तर धोका टळल्यावर वेष उतरवायला काय हरकत, असा तो सरळ हिशेब आहे. आणि माझ्या ओळखीतल्या गावांत मी पाहते, घुमटाची जुनी देवळं अशीच जाताहेत. कोणी सुलतान लागत नाही. ठराव, वर्गणी आणि जेसीबी पुरतो.

मी उठून बोलले. रायगडचा लेख सांगितला, लखुजीरावांची समाधी सांगितली. ज्यांनी हा घुमट बांधला ते पेशवाईतले लोक आपल्यापेक्षा कमी हिंदू नव्हते, एवढंच म्हणाले. मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की घुमट गेला तर काकड्याचा आवाज जाईल, आणि माझ्या सगळ्या दाखल्यांपेक्षा त्यांच्या त्या एका वाक्याने काम झालं. घुमट राहणार असं ठरलं. पण त्याच बैठकीत त्यावर सिमेंटचा गिलावा करून ऑइलपेंट मारायचंही ठरलं. चुन्याच्या बांधकामाला असा लेप दिला की आतली ओल बाहेर पडू शकत नाही. विटा आतल्या आत फुगतात, मिठाचे फुलोरे येतात आणि काही वर्षांत घुमट पोकळ होतो. शेजारच्या तालुक्यात एक वयस्क गवंडी अजून चुन्याचं काम करतात. त्यांना आणून दाखवलं. त्यांनी घुमटाला आतून बोटांनी ठोकत कान लावला, पिंपळाचं मूळ कुठवर गेलंय ते खडूने आखलं आणि सांगितलं की चुना आत्ताच विरवून ठेवला तर पावसाळ्यानंतर गिलावा करता येईल. खर्च सिमेंटपेक्षा जास्त येईल, वेळही लागेल. समितीतल्या काहींना ते पटलंय, काहींना दसऱ्याआधी रंग हवाय. पुढची बैठक श्रावण संपल्यावर आहे. मी जाणार आहे.